लोझबानच्या व्याख्यांमध्ये जागा कशा लिहाव्यात?

प्रश्न असा आहे: लोझबान या मुद्दाम रचलेल्या भाषेच्या शब्दांच्या मराठी व्याख्या लिहायला घेतल्या, तर शब्दाच्या जागा (म्हणजे कोण, काय, कुठे अशी त्या शब्दाबरोबर भरायची ठिकाणं) दाखवायची पद्धत दर ठिकाणी वेगळी दिसते. कुठे जागा दाखवणाऱ्या एक्सला आकडा थेट चिकटवलेला, कुठे मध्ये अंडरस्कोर, कुठे सगळं डॉलर चिन्हांत आणि आकडा महिरपी कंसात. जोडशब्दांत तर पुष्कळदा एक्स नसतोच, मूळ शब्दांची आद्याक्षरं असतात. यातलं प्रमाण काय धरायचं? आणि मराठीत 'ला', 'कडे', 'हून' हे प्रत्यय नेमके कशाला लावायचे?

मी बरीच वर्षं या व्याख्या लिहितो आहे आणि इतरांच्या तपासतो आहे, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणं मागून. आकडा नेहमी त्याच शब्दाच्या जागेचा असावा, मग शब्द मूळ असो की जोडशब्द. त्या जागेच्या भूमिकेचं नाव आणि तिथे काय बसू शकतं याची अट, या दोन गोष्टी आकड्यापासून आणि एकमेकींपासून वेगळ्या ओळखू याव्यात. आणि मराठी प्रत्यय शक्यतो भूमिकेच्या नावाला लावावा, आकड्याला नाही. इथे मी रोमन एक्सच्या जागी बीजगणितातला क्ष वापरतो आणि लोझबानचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो.

जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ साली लॉगलान ही भाषा रचायला घेतली. तिच्यातूनच पुढे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या लॉजिकल लँग्वेज ग्रुपने लोझबान उभी केली, आणि १९९७ मध्ये जॉन काउअन यांचं सविस्तर व्याकरण प्रसिद्ध झालं. या भाषेत नाम आणि क्रियापद असा भेद नाही. तेराशेहून अधिक मूळ शब्द आहेत आणि त्यांतला प्रत्येक शब्द म्हणजे एक संबंध, ज्याच्या जागा ठरलेल्या आहेत. 'क्लामा'ला पाच जागा: कोण किंवा काय जातं, कुठे, कुठून, कुठल्या वाटेने, कशाने. 'माम्ता'ला दोन: आई आणि मूल. 'प्रेनु'ला एकच: माणूस.

व्याख्येतला आकडा ही केवळ कोशाची सोय आहे असा एक समज दिसतो, आणि बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतो. खरं तर हा आकडा बोलण्यात असतो. फा, फे, फी, फो, फू हे पाच छोटे शब्द म्हणजे अनुक्रमे पहिली ते पाचवी जागा. वाक्यातला क्रम मोडायचा असेल तर बोलणारा तेच शब्द पुढे लावतो. से, ते, वे, खे हे शब्द पहिल्या जागेची अदलाबदल अनुक्रमे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जागेशी करतात. 'वेश्नु' म्हणजे विकणं: क्ष१ विक्रेता, क्ष२ माल, क्ष३ ग्राहक, क्ष४ किंमत. त्यामुळे 'लो ते वेश्नु' ('लो' म्हणजे पहिल्या जागेवर जे असतं ते) म्हणजे विकत घेणारा आणि 'लो वे वेश्नु' म्हणजे किंमत. ग्राहक ही तिसरी जागा आहे हे माहीत नसेल तर हे वाक्य बोलताच येणार नाही. म्हणून व्याख्येतले बाकीचे शब्द बदलले, वाक्याचा क्रम बदलला, भाषाच बदलली, तरी आकडा हलता कामा नये.

आता कंसांकडे वळू, कारण मूळ शब्दांच्या जुन्या इंग्रजी यादीत खरी गुंतागुंत तिथे आहे. 'दुन्दा' म्हणजे देणं. तिथे क्ष१ च्या पुढे चौकटी कंसात 'दाता' असं लिहिलेलं आहे. 'पिन्खे' म्हणजे पिणं. तिथे क्ष१ च्या पुढे गोल कंसात 'कर्ता' असं आहे. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, पण त्यांचं काम एकदम वेगळं आहे. 'दाता' हे नुसतं नाव आहे. जो देतो तो दाता, यात नवीन काही सांगितलेलं नाही. 'कर्ता' ही मात्र अट आहे: पिणारा स्वतःहून काही करणारा हवा. 'क्लामा'च्या पहिल्या जागेला अशी अट नाही, म्हणून पत्रही जातं, ढगही जातो आणि माणूसही जातो. नाव आणि अट एकाच तऱ्हेने लिहिली तर वाचणारा नावालाच अट समजतो. मग कुणीतरी ठामपणे सांगतं की दाता म्हटलंय त्या अर्थी तिथे माणूसच हवा, आणि त्या एका कंसावरून वाद रंगतो.

माझा नियम साधा आहे आणि तो जुन्या यादीच्या मूळ हेतूला धरूनच आहे. गोल कंसात फक्त अट, चौकटी कंसात फक्त खुलासा. भूमिकेचं नाव कंसात नकोच, ते वाक्यातच गुंफावं. ते कसं, हे पुढे मराठीच्या भागात येईल.

अटींमध्ये सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे जागेत कुठल्या प्रकारचं अमूर्त काही बसतं. घटना, गुणधर्म, विधान, प्रमाण हे चार प्रकार वारंवार लागतात, आणि लोझबानमध्ये ते अनुक्रमे नु, का, दुहु, नि या शब्दांनी दाखवतात. जुन्या यादीत काही ठिकाणी इंग्रजीतून 'घटना' असं म्हटलंय आणि काही ठिकाणी थेट 'का' किंवा 'दुहु' लिहिलंय. मराठीत एक जास्तीची अडचण आहे. गोल कंसात 'का' लिहिलं की तो प्रश्न वाटतो, आणि 'नि' लिहिलं की 'आणि' वाटतं. म्हणून मराठी व्याख्येत घटना, गुणधर्म, विधान, प्रमाण हे चारच शब्द ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा. एके दिवशी 'गुणधर्म', दुसऱ्या दिवशी 'लक्षण' आणि तिसऱ्या दिवशी 'गुण' असं केलंत, तर वाचणारा त्या तिघांत फरक शोधत बसेल. कोशात समानार्थी शब्दांची हौस फक्त मुख्य अर्थापुरती ठेवावी.

गुणधर्म असेल तर तो कुणाचा, हेही लिहा. 'झ्मादु' म्हणजे एखाद्या बाबतीत जास्त असणं: क्ष१ हे क्ष२ पेक्षा क्ष३ या बाबतीत क्ष४ इतकं जास्त. इथला गुणधर्म क्ष१ आणि क्ष२ या दोघांना लावून तुलना होते. 'त्रोशी', म्हणजे प्रयत्न करणं, तिथे क्ष२ मध्ये गुणधर्म ठेवला तर तो फक्त क्ष१ चा असतो. उंचीत तुलना करायची तर 'उंच असणं' या गुणधर्मातली मोकळी जागा कोण भरणार, हे ठरलेलं हवं. लोझबानमध्ये त्या मोकळ्या जागेला 'शेहु' हा शब्द आहे. व्याख्येत 'गुणधर्म, क्ष१ व क्ष२ यांचा' असं गोल कंसात लिहिलं की काम होतं. या एका सवयीने नवशिक्यांच्या किती चुका टळतात ते मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून हा आग्रह.

'त्रोशी'च्याच व्याख्येत आणखी एक गोष्ट दिसते. तिथे क्ष२ ची अट घटना, अवस्था, गुणधर्म अशी तिरक्या रेघांनी जोडलेली आहे. 'क्लामा'च्या व्याख्येत येणं आणि जाणं हेही तिरक्या रेघेनेच जोडलंय. पहिल्या ठिकाणी रेघेचा अर्थ 'यापैकी कुठलाही प्रकार चालेल', दुसऱ्या ठिकाणी 'लोझबानचा एकच अर्थ, आमच्या भाषेत त्याला दोन शब्द आहेत'. एका चिन्हावर दोन कामं लादली आहेत. मी कंसाच्या आत 'किंवा' लिहितो आणि तिरकी रेघ फक्त मुख्य अर्थाच्या पर्यायांना ठेवतो.

एक अनुभव सांगतो. व्याख्यांमधून जागा आपोआप मोजणारा छोटा प्रोग्रॅम मी एकदा लिहिला होता. तो 'सिम्खु' या शब्दावर अडखळला. 'सिम्खु' म्हणजे परस्परांशी काही करणं, आणि त्याला जागा दोनच आहेत. पण जुन्या व्याख्येत चौकटी कंसात एक सूचना आहे, तिच्यात क्ष१ आणि क्ष२ पुन्हा येतात. माझ्या प्रोग्रॅमने चार जागा मोजल्या. दोष व्याख्येचा नव्हता, माझ्या गृहीतकाचा होता. पण त्यातून एक उपयुक्त नियम हाती लागला: प्रत्येक जागा कंसाबाहेर नेमकी एकदाच यावी, आणि कंसाच्या आत आलेला आकडा म्हणजे फक्त मागचा संदर्भ. हा नियम पाळला की यंत्र चुकत नाही आणि माणसालाही पहिल्या नजरेत जागा मोजता येतात.

कंसांच्या बाबतीत एक चूक मराठीत लिहिणाऱ्यांकडून विशेष होते. आपल्याला इतर कोशांची सवय असते. तिथे कंसातला शब्द म्हणजे 'असला तर असला'. म्हणून 'क्लामा'ची चौथी-पाचवी जागा कंसात टाकली जाते. लोझबानमध्ये जागा ऐच्छिक नसते. ती भरली नाही तर तिथे 'झोहे' आहे असं धरतात, म्हणजे काहीतरी आहे, पण सांगितलेलं नाही. वाट न सांगता कुणी गेलं तरी वाट असतेच. जागा खरोखरच काढून टाकायची तर त्यासाठी 'झिहो' हा वेगळा शब्द आहे, आणि त्याने संबंधाचाच अर्थ बदलतो. तेव्हा आकडा कधीही कंसात लपवू नका.

जोडशब्दांचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि इथे माझं मत सगळ्यांना पटत नाही हे मला माहीत आहे. जोडशब्दाच्या जागा घटक शब्दांच्या जागांमधून येतात. 'गेर्झ्दा' म्हणजे कुत्र्याचं घर, 'गेर्कु' आणि 'झ्दानी' मिळून. 'झ्दानी'ची दुसरी जागा, म्हणजे घरात राहणारा, आणि 'गेर्कु'ची पहिली जागा, म्हणजे कुत्रा, या इथे एकच होतात. हे दाखवायला घटकांची आद्याक्षरं फार सोयीची आहेत: झ१, झ२ = ग१, आणि असंच पुढे. शब्द घडवणाऱ्याला ही नोंद हवीच. तिच्याशिवाय तिसरी जागा कुठून आली हे सांगताच येत नाही.

पण हीच अक्षरं व्याख्येच्या वाक्यात आली की घोळ होतो. 'सेल्सांगा' घ्या. 'सांगा' म्हणजे गाणं म्हणणं (मराठी 'सांगा'शी याचा काही संबंध नाही): क्ष१ गायक, क्ष२ गीत, क्ष३ श्रोते. पुढे 'सेल' (म्हणजे 'से'चं जोडशब्दातलं रूप) लागला की पहिल्या दोन जागांची अदलाबदल होते, म्हणून 'सेल्सांगा'ची पहिली जागा गीत. अक्षरांच्या पद्धतीने ही व्याख्या 'स२ हे गीत, ते स१ गातो' अशी लिहिली जाते. आता शिकणाऱ्याला गायकाबद्दल विचारायचं आहे. व्याख्येत गायकापुढे १ दिसतो, म्हणून तो 'फा' वापरतो, आणि त्याने गीताबद्दल विचारलेलं असतं. तो १ 'सांगा'चा आहे, 'सेल्सांगा'चा नाही, हे त्याला कुणी सांगायचं? याच शब्दावर मी एका शिकणाऱ्याबरोबर अर्धा तास घालवला आहे. तो बिचारा प्रत्येक वेळी व्याख्या अगदी बरोबर वाचत होता.

'ब्राब्लो'मध्ये दुसरीच पंचाईत आहे. 'बार्दा' म्हणजे मोठं आणि 'ब्लोती' म्हणजे होडी किंवा जहाज. दोन्हींचं आद्याक्षर एकच. मग ब१ कुणाचा? एकाला बा आणि दुसऱ्याला ब्लो असं लांबवावं लागतं, आणि जो लांबवत नाही त्याची व्याख्या दोन प्रकारे वाचता येते. म्हणून वाक्यात क्ष१, क्ष२, क्ष३ आणि खाली टिपेत घडणीची ओळ: 'क्ष१ = स२, क्ष२ = स१, क्ष३ = स३'. अक्षरं टाकून देऊ नका, त्यांची जागा बदला.

आता मराठीकडे, कारण तुमच्या प्रश्नाचा हा भाग इतर कुणी फारसा हाताळलेला नाही.

'नेल्शी' म्हणजे आवडणं, जिथे क्ष१ ही आवड असणारी व्यक्ती आणि क्ष२ ही आवडती गोष्ट. 'प्लुका' म्हणजे सुखद वाटणं, जिथे क्ष१ ही सुखद घटना आणि क्ष२ ही ती अनुभवणारी व्यक्ती. मराठीत दोन्हींकडे एकच वाक्य सहज येतं: 'अमक्याला तमकं आवडतं'. म्हणजे 'क्ष१ला क्ष२ आवडतं' हे झालं नेल्शी, आणि 'क्ष२ला क्ष१ आवडतं' हे झालं प्लुकाच्या जवळचं. आकडे पुसले तर दोन्ही वाक्यं सारखीच. मराठी विभक्तीवरून जागा ओळखायचा प्रयत्न करणाऱ्यांना मी नेहमी ही जोडी दाखवतो. पहिली जागा म्हणजे प्रथमा नव्हे. 'द्झुनो', म्हणजे माहीत असणं, तिथेही आपण 'क्ष१ला क्ष२ माहीत असतं' असंच म्हणणार, आणि ते बरोबरच आहे.

भूतकाळ मात्र टाळा. 'क्ष१ने क्ष२ विकलं' असं लिहिलंत की क्ष१ला 'ने' लागतो, क्रियापद क्ष२च्या लिंगवचनाप्रमाणे फिरतं, आणि लोझबानच्या शब्दात नसलेला काळही व्याख्येत शिरतो. लोझबानचा शब्द काळ सांगत नाही. साधा वर्तमान, रीतीचा, सगळ्यांत निरुपद्रवी.

लिंगाचं काय? 'क्ष१ जातो' लिहिलं तर तो पुरुष झाला, 'जाते' लिहिलं तर स्त्री. मी नपुंसकलिंग वापरतो: 'क्ष१ जातं'. काहींना ते खटकतं. पण कोण ते ठाऊक नसतं तेव्हा आपण बोलतानाही 'कोण येतंय?' असंच विचारतो. अज्ञाताला नपुंसकलिंग देणं ही आपल्या बोलण्यातलीच रीत आहे, ती इथे चपखल बसते.

आणि प्रत्यय. 'क्लामा' मराठीत सहज लिहायचं तर 'क्ष१ क्ष३हून क्ष४मार्गे क्ष५ने क्ष२कडे जातं' असं होतं. मराठी म्हणून हे ठीक आहे, पण क्रम १, ३, ४, ५, २ असा झाला आणि आकडे प्रत्ययांना चिकटून बसले. 'वेश्नु'ची गत आणखी वाईट: 'क्ष१ क्ष३ला क्ष२ क्ष४ला विकतं'. हे मोठ्याने वाचून पाहा. कोण काय विकतंय याचा पत्ता लागत नाही. उपाय मराठीतच आहे. आपल्याकडे 'अमुक या गावाला', 'तमुक ही वस्तू' अशी सोय आहे, तिच्यात प्रत्यय नामाला लागतो आणि चिन्ह सुटं राहतं. मग व्याख्या अशी होते: 'क्ष१ हे क्ष२ हा माल क्ष३ या ग्राहकाला क्ष४ या किमतीस विकतं'. क्रम १, २, ३, ४ आपोआप जमला, भूमिकेचं नाव कंसाशिवाय वाक्यात आलं, आणि प्रत्येक चिन्ह मोकळं राहिलं. 'क्लामा'ही तसंच: 'क्ष१ हे क्ष२ या ठिकाणी क्ष३ या ठिकाणाहून क्ष४ या वाटेने क्ष५ या साधनाने जातं/येतं'. क्ष१ला मुद्दामच नाव दिलेलं नाही, कारण तिथे अट नाही. 'प्रवासी' लिहिलं असतं तर पत्र आणि ढग बाहेर पडले असते. 'ताव्ला'सारखा एखादा शब्द मात्र नशीबवान: 'क्ष१ क्ष२शी क्ष३विषयी क्ष४ भाषेत बोलतं', हा क्रम मराठीत आधीच सरळ आहे. तरीही मी तिथे तीच घडण वापरतो, कारण वाचणाऱ्याला एकदा सवय लागली की ती मोडू नये.

लिखाणातल्या चिन्हाबद्दल शेवटी, कारण ते सर्वांत सोपं आहे. झ्बोव्लास्ते या ऑनलाइन कोशात व्याख्या टेक या गणिती मजकूर मांडायच्या प्रणालीच्या पद्धतीने लिहितात: डॉलर, एक्स, अंडरस्कोर, आकडा, डॉलर. तिथे महिरपी कंस घातला काय आणि नाही काय, एक अंकी आकडा सारखाच दिसतो. दहावी जागा आली तर कंसाशिवाय फक्त १ खाली जातो आणि शून्य वर राहतं, पण इतक्या जागांचा शब्द क्वचितच भेटेल. त्याच कोशात टिपांमध्ये दुसऱ्या शब्दाचा दुवा देण्यासाठीही महिरपी कंसच लागतो, म्हणून आकड्याला तो न लावलेला बरा. साठवताना रोमन एक्स आणि इंग्रजी आकडेच ठेवा. देवनागरी २ आणि इंग्रजी दोन ही संगणकासाठी वेगवेगळी अक्षरं आहेत, युनिकोडमध्ये खाली बसणारे इंग्रजी आकडे आहेत पण देवनागरी नाहीत, आणि 'क्ष' तर पक्ष, लक्ष, शिक्षण अशा शेकडो शब्दांत दडलेला असतो. वाचकाला दाखवताना हवं तर क्ष१ दाखवा, ते काम प्रोग्रॅम करेल.

तुमच्याकडे आधी लिहिलेल्या व्याख्या असतील तर त्या सगळ्या एका दमात बदलायला जाऊ नका. आधी फक्त 'से', 'ते', 'वे', 'खे' पोटात असलेले जोडशब्द घ्या, कारण चुकीचा आकडा तिथेच लपतो. मग ज्या शब्दांच्या मराठी वाक्यात 'ला' लागलेली पहिली जागा आहे ते: नेल्शी, द्झुनो आणि त्यांचे भाऊबंद. बाकीच्यांत आकडा बहुधा बरोबरच असतो आणि फक्त कंस जागेवर आणायचे राहतात.